परत आलेला जिताडा

आमच्या तळोज्याच्या कारखान्यात कापडाला लावायचे रंग तयार होतात. आमचे जनरल मॅनेजर मेहता साहेब यांच्या टेबलावर त्या रंगांच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या असतात. एकदा मुलाखतीला आलेल्या एका मुलाला साहेबांनी आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत विचारलं, "केमिकलची भीती वाटते काय?"

"अजिबात नाही सर," तो म्हणाला. आणि मी टेबलाच्या या बाजूने हात पुढे करीपर्यंत त्याने निळ्या बाटलीचं झाकण काढलं, बोट बुडवलं आणि चाटलं.

साहेब खुर्चीतून अर्धे उठले. तो मात्र ताठ बसून होता. "थँक्यू सर," म्हणायला त्याने तोंड उघडलं तेव्हा ओठांपासून पडजिभेपर्यंत सगळं निळं. कारखान्याच्या डॉक्टरांनी त्याला तपासलं, भरपूर चुळा भरायला लावल्या आणि धोका नाही म्हणून सांगितलं. मग आम्ही त्याला कंपनीच्या जीपने घरी पोचवलं. जाताना त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "साहेब, इम्प्रेशन पडलं ना?"

पडलं होतं. आजही ती जीभ माझ्या डोळ्यांसमोर आहे. नोकरी मात्र त्याला मिळाली नाही.

मी पर्सोनेल खात्यात काम करतो. हे खातं काय करतं ते बाहेरच्या माणसाला नीट ठाऊक नसतं, म्हणून दोन वाक्यांत सांगतो. कामगारांची हजेरी, रजा, प्रॉव्हिडंट फंड, कँटीनच्या तक्रारी हे आमचं रोजचं. आणि जागा रिकामी झाली की जाहिरात देणं, आलेल्या अर्जांतून पाच-सहा माणसं निवडणं, त्यांना मुलाखतीला बोलावणं हे अधूनमधूनचं. मुलाखत घ्यायला तिघे बसतात. मेहता साहेब, अ‍ॅडमिनचे मॅनेजर आणि मी. मी सगळ्यांत धाकटा, पण मार्कांचा तक्ता माझा. प्रत्येकाने पन्नासपैकी मार्क द्यायचे. शिक्षण पंधरा, अनुभव पंधरा, बोलणं दहा आणि शेवटचा रकाना 'छाप', दहा. हा रकाना मेहता साहेबांच्या आग्रहाने आला. मला तो पसंत नव्हता, कारण बाकीचे रकाने तपासता येतात आणि हा तपासता येत नाही. पण अनुभव असा की पहिल्या चाळीस मार्कांत सगळे उमेदवार जवळपास सारखेच असतात. नोकरी कुणाला मिळणार ते या शेवटच्या दहांत ठरतं.

उमेदवारांनाही हे कुठून तरी कळलेलं असतं. म्हणून ते भावाचे बूट घालून येतात आणि चालताना एक बूट मागे राहतो. म्हणून ते 'माय सेल्फ' पासून सुरू होणारं इंग्रजी पाठ करून येतात आणि मध्ये कुणी शिंकलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. मी हसत नाही. एका जागेसाठी दोन-दोनशे अर्ज येतात. त्या दोनशेंत मीही कधी काळी सोलापूरहून आलेला एक होतो.

माझा एक नियम होता आणि तो मी जाहिरातीत छापायलाही लावला होता. निवडीआधी कुणाहीकडून कसलीही भेट आली की त्या उमेदवाराचं नाव रद्द. पेढे आले तरी रद्द. या नियमाला ऑफिसात माझ्या आडनावावरून 'बिराजदारांचा पेढा' म्हणत. मला त्याचा अभिमान होता, हे कबूल करायला हरकत नाही.

आता मुख्य हकीकत. चार वर्षांपूर्वी कारखान्यात नवा टेलिफोन बोर्ड आला आणि टेलिफोन ऑपरेटरची एक जागा निघाली. पाच मुली निवडल्या. मुलाखती सोमवारी होत्या.

रविवारी सकाळी मी आंघोळीला गेलो होतो. नेरूळला आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, बारा नंबर. आमची बिल्डिंग आठ नंबरची. शेजारची सात नंबरची तंतोतंत तशीच, जिनेही तसेच, आणि दोन पावसाळ्यांत दोन्हींवरचे आकडे धुऊन गेलेले. आंघोळ अर्धी झाली असेल, तेवढ्यात स्वयंपाकघरातून माझ्या बायकोची, मंगलची किंकाळी आली. टॉवेल गुंडाळून बाहेर धावलो.

"आवो, बघा की हे काय आणून दिलंय!" मंगल भिंतीला पाठ लावून उभी होती.

ओट्यावर ओल्या गोणपाटात एक भलामोठा मासा पडला होता. त्याचा डोळा उघडा होता आणि तो थेट देवघराकडे बघत होता. आम्ही लिंगायत. माझ्या घरात त्या दिवसापर्यंत अंडंही आलं नव्हतं.

"घेतलंस कशाला?"

"मला वाटलं फणस असंल! गोणपाटात होतं, जड होतं. एक बाई आली, डोक्यावर पाटी. म्हणाली, 'रंगाचे कंपनीतले सायेब हितंच ना?' मी हो म्हटलं. म्हणाली, 'ह्यो सायबांना द्या. उंद्या माजे पोरीचा काम हाय.' आन् गेली की झराझरा."

"नाव?"

"नाव कुठं सांगितलं? मी विचारंस्तोवर दुसऱ्या मजल्यावर पोचली."

मी खुर्चीत बसलो. पोरीचं काम. उद्या. म्हणजे उद्याच्या पाच मुलींपैकी एकीच्या आईने माझ्या घरी मासा पोचवला होता.

किंकाळी ऐकून खालच्या मजल्यावरच्या सावंत वहिनी वर आल्या. त्या मालवणच्या. ओट्यावर नजर पडताच त्यांनी दोन्ही हात छातीवर ठेवले. "अगो बाई, जिताडो!" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भावोजी, तुमचं नशीब! हा बाजारात दिसत नाही कुणाला."

"का? महाग असतो?"

"महाग तर आहेच. पण इथले लोक हा विकण्यापेक्षा देतात. जावयाला देतात, नवस फेडायला देतात, मोठ्या माणसाकडे काम असलं की देतात. खाडीचा जिताडा दारात आला म्हणजे समजायचं, कुणाचं तरी मोठं काम अडलंय."

मला अजून धक्का बसला. म्हणजे पेढ्यांहून हे मोठं प्रकरण होतं. मी वहिनींना विनंती केली की पुरावा म्हणून हा मासा उद्यापर्यंत त्यांच्या फ्रीजमध्ये ठेवावा, आणि कुणी त्याला हात लावू नये.

"पुरावो?" वहिनी म्हणाल्या. "भावोजी, पुराव्याक वास येतलो."

पण ठेवला त्यांनी. त्यासाठी फ्रीजमधली बर्फाची खोकी काढून सावंतांनी दुपारचं सरबत कोमट प्यायलं.

सोमवारी पाच मुली आल्या. त्यांतल्या दोघी इकडच्या गावांतल्या, एक करावे गावची आणि एक तळोज्याजवळच्या गावातली. मासा कुणाचा हे मला कळायला मार्ग नव्हता. मी ठरवलं की आधी सगळ्यांना प्रामाणिकपणे मार्क द्यायचे, मग साहेबांपुढे गोष्ट मांडायची.

करावेची मुलगी म्हणजे रेवती तांडेल. बारावी झालेली, टायपिंग झालेलं, साधी पिवळी साडी. तिचं मराठी शाळेत घासून पुसून घेतलेलं होतं, पण घाबरली की घरची बोली बाहेर यायची.

"टायपिंगचा सर्टिफिकेट आहे?" मेहता साहेबांनी विचारलं.

"हाय," ती पटकन म्हणाली.

"हाय, हाय," साहेब प्रसन्न होऊन म्हणाले. "पण सर्टिफिकेट आहे काय?"

ती लाल झाली. "आहे, सर."

शेवटी टेलिफोनची परीक्षा. उमेदवाराने बाहेरच्या टेबलावर बसायचं आणि साहेबांनी आतून फोन करून संतापलेल्या गिऱ्हाइकाचं सोंग करायचं. हे सोंग साहेब फार मनापासून करतात. वाशीच्या इंग्रजी शाळेत शिकलेली एक मुलगी पहिल्या चार मुलींत सर्वांत चांगली ठरली होती. तिने "वन मोमेंट प्लीज" म्हणून नीट सांभाळून घेतलं. एकीने तर रिसीव्हर टेबलावर ठेवून रडायला सुरुवात केली.

रेवती पाचवी. साहेब ओरडायला लागले. माल खराब आला, पैसे बुडाले, कंपनी चोर आहे. आम्हाला दोन्ही बाजू ऐकू येत होत्या. ती मध्ये एकदाही बोलली नाही. साहेब दम घ्यायला थांबले तेव्हा शांतपणे म्हणाली, "बोला साहेब, मी ऐकतेय. तुमचं सगळं बोलून झालं की कंपनीतल्या कुणाला काय सांगायचं ते सांगा, मी लाइन सोडणार नाही."

साहेबांना पुढे काय ओरडावं ते सुचेना. त्यांनी फोन ठेवला. नंतर मी तिला विचारलं की हे कुठे शिकलात. ती म्हणाली, "आईबरोबर बाजारात बसते ना. गिऱ्हाईक आधी ओरडतं, मग घेतं."

मुली गेल्या. निकाल कळवू असं मी सांगितलं होतं. आम्ही तिघांनी मार्क मांडले. अ‍ॅडमिनचे मॅनेजर त्या वेळी चिटणीस म्हणून होते. गोरेपान, इस्त्रीच्या घडीतले, माझ्याच शेजारच्या सात नंबरच्या बिल्डिंगमध्ये राहणारे. दिवाळीला आमच्याकडे फराळाला यायचे. बेरीज अशी आली. दीडशेपैकी रेवती एकशे चोवीस, वाशीची मुलगी एकशे आठ.

"क्लिअर केस," साहेब म्हणाले.

"साहेब, एक अडचण आहे," मी म्हणालो. "काल माझ्या घरी एका उमेदवाराच्या आईने मासा आणून दिला. नाव सांगितलं नाही. आपल्या नियमाप्रमाणे..."

चिटणीस खुर्चीत सरळ झाले. "च्यायला! म्हणजे रेवतीच्या आईचा जिताडा तुमच्याकडे गेला होय?"

मी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. बाहेर बॉयलरचा आवाज चालू होता. मी फक्त मासा म्हणालो होतो. जिताडा म्हणालो नव्हतो. तो रेवतीकडचा आहे हे तर मला स्वतःलाच माहीत नव्हतं. चिटणीसांच्या ते एका क्षणानंतर लक्षात आलं. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि नुसताच हातात धरला.

"जिताडा म्हणजे काय?" मेहता साहेबांनी विचारलं. ते जैन.

मी सांगितलं. सावंत वहिनींनी जे सांगितलं होतं तेही सांगितलं.

"चिटणीस, तुला कसा ठाऊक कोणाचा फिश?"

चिटणीस पहिल्यांदा हसण्यावारी न्यायला बघत होते. मग म्हणाले की ती बाई अर्जाची चौकशी करायला गेटवर आली होती, मी सहज म्हटलं, घरी एखादा जिताडा पोचवा म्हणून, गमतीने. पत्ताही गमतीनेच दिला, सात नंबर, बारा. "रविवारी आमच्याकडे वाटण करून ठेवलं होतं हो," ते म्हणाले. जणू अन्याय त्यांच्यावरच झाला होता.

पंधरा वर्षं मी देणाऱ्यांवर नजर ठेवून होतो. माझ्या सबंध नियमात मागणारा नव्हताच. तो माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून मार्क देत होता, माझ्या घरच्या चकल्या खात होता, आणि मला ते कधी सुचलंही नव्हतं.

मेहता साहेबांनी चिटणीसांना बाहेर पाठवलं. मग बराच वेळ टेबलावरच्या बाटल्या उगाच सरळ करत राहिले.

"बिराजदार, नियम तुझा आहे. तू बोल. मुलगी कट?"

मी म्हणालो, "आधी चिटणीसांचा रकाना पाचही जणींच्या तक्त्यातून काढू."

त्यांनी रेवतीला सत्तेचाळीस दिले होते आणि वाशीच्या मुलीला बत्तीस. वजा केले. रेवती सत्त्याहत्तर, वाशीची मुलगी शहात्तर. मी ही वजाबाकी तीनदा केली. एका मार्काचा फरक होता, आणि तो टेलिफोनवरच्या त्या एका वाक्याचा होता.

"साहेब, तुम्हाला मासा माहीत नव्हता. मला मासा माहीत होता, पण कुणाचा ते माहीत नव्हतं. म्हणजे उरलेले मार्क स्वच्छ आहेत. आणि भेट तिच्या आईने आपणहून आणली नाही. आपल्या माणसाने मागितली. मागितल्याची शिक्षा मुलीला देता येणार नाही."

साहेबांनी मान हलवली. "अपॉइंटमेंट दे. पण फिश परत. आजच."

मी स्वतः नेमणुकीचं पत्र दोन प्रतींत टाईप करून घेतलं, साहेबांची सही घेतली, आणि संध्याकाळी घरी आल्यावर सावंतांच्या फ्रीजमधून मासा काढून घेतला. वहिनींनी तो नव्या गोणपाटात बांधून दिला आणि डोळे पुसल्यासारखं केलं. स्कूटरच्या पायाजवळच्या जागेत मासा ठेवून मी करावे गावाकडे निघालो. शेपटी बाहेर येत होती. रस्त्यावर ओळखीचं कुणी भेटू नये एवढीच माझी इच्छा होती. ऑफिसातले तिघे भेटले.

तांडेलांचं घर विचारायची गरज पडली नाही. गोणपाट बघूनच लोक रस्ता दाखवत होते. का, ते मला तेव्हा कळलं नाही. रेवतीची आई, जानकीबाई, ओटीवर जाळं विणत बसली होती. शेजारच्या तीन-चार बायका होत्या. मी मासा ओटीवर ठेवला आणि म्हणालो, "बाई, मी बिराजदार. तुम्ही चुकून माझ्या घरी दिलात. हा परत घ्या."

जानकीबाईच्या हातातली सुई थांबली. तिने गोणपाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"परत आनलाव?"

"हो. आमच्यात..."

"परत आनलाव!" तिने जाळं बाजूला टाकलं आणि पदर तोंडावर घेतला. बाकीच्या बायका कुजबुजायला लागल्या. मी गांगरून गेलो. आतून रेवती धावत आली. मी घाईघाईने पत्र तिच्या हातात दिलं. तिने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि आईपाशी वाकली. "आये, काम मिलाला. बघ, कागद हाय."

"कागद हाय," जानकीबाई पदरातूनच म्हणाली, "पन जिताडा परत आयला. आख्ख्या आलीनं बघला."

एक म्हातारी मला समजावून सांगायच्या स्वरात म्हणाली, "सायेब, जिताडा परत येत नाय कदी. सोयरीक मोरली का येतो. पोरीला नको बोलला, का येतो."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. रविवारी पाटी निघाली ती साऱ्या आळीने पाहिली होती. आज त्यातला मासा माझ्या स्कूटरवरून परत येताना साऱ्या गावाने पाहिला. इथल्या भाषेत मी या मुलीला भर चावडीवर नाकारलं होतं. पत्रावरच्या सही-शिक्क्याला त्यापुढे काही किंमत नव्हती. मी प्रामाणिकपणाने वागायला आलो होतो आणि एका बाईला रडवून उभा होतो.

रेवती माझ्याजवळ आली. हळू आवाजात म्हणाली, "साहेब, आई मला पाठवणार नाही आता. म्हणेल, जिथून परत आला तिथं जायचं नाही. तुमचा नियम मला माहीत आहे, जाहिरातीत वाचला होता. आईने मासा तुमच्याकडे नेला ते मला आत्ता कळतंय. तुम्ही नाव काढलंत तरी मी काही म्हणणार नाही."

"नाव काढायचं नाहीये," मी म्हणालो. मी ओटीच्या कडेला बसलो. साहेब म्हणाले होते, फिश परत. तो परत केला होता. नियम म्हणत होता, निवडीआधी भेट नको. निवडीआधी.

"रेवतीबाई, पेन आहे? या दुसऱ्या प्रतीवर सही करा. 'नेमणूक मान्य' असं लिहा, तारीख घाला."

तिने केली. मी प्रत घडी करून खिशात ठेवली. मग जानकीबाईंना म्हणालो, "बाई, तुमची मुलगी आता आमच्या कंपनीत आहे. कुणाच्या मेहेरबानीने नाही, तिच्या मार्कांनी. ते संपलं. आता तुम्हाला आनंदाने काही द्यायचं असेल तर द्या. पण नाव सांगून द्या."

तिने पदर खाली घेतला. माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुमी मासं खाता?"

"नाही."

"मंग?"

"माझ्या खालच्या मजल्यावर खातात. काल दुपारपासून वाट बघतायत."

म्हातारी आधी हसली, मग सगळ्याच. जानकीबाई उठली. मासा धुतला, केळीच्या पानावर ठेवला, आणि ओटीवर उभी राहून साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "जानकी तांडेलचा जिताडा हाय! माजे पोरीला काम मिलाला!"

मी दोन्ही हात पुढे केले. आयुष्यात हातात घेतलेला तो एकच मासा. थंड आणि फार जड.

दुसऱ्या दिवशी मेहता साहेबांनी विचारलं तेव्हा मी खरं तेच सांगितलं. "परत केला. मग घेतला. दोन्हींच्या मध्ये सही आहे." साहेबांनी ती प्रत मागवून पाहिली आणि पुष्कळ वेळ हसत राहिले. त्या महिन्याअखेर चिटणीसांची बदली द्रोणागिरीच्या गोदामावर झाली. पुढच्या जाहिरातीत नियमाची एक ओळ वाढली. कंपनीतल्या कुणी काही मागितल्यास थेट जनरल मॅनेजरांना कळवावं. रेवती अजून बोर्डवर आहे. आमच्या कंपनीवर ओरडणारी गिऱ्हाइकं बाकी कुणाशी बोलायलाच तयार नसतात.

पण त्या संध्याकाळचं एक सांगायचं राहिलं. करावेहून परतलो, केळीच्या पानातला मासा दोन्ही हातांत धरून जिना चढू लागलो. मंगल वर दारातच उभी होती. घर सकाळीच दोनदा धुऊन तिने उदबत्ती लावली होती. वरून तिने माझ्या हातांकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा जानकीबाईसारखा झाला.

"परत आणलात?"

"हो," मी दुसऱ्या मजल्यावर थांबून सावंतांची बेल दाबत म्हणालो. "पोरीला काम मिळालं."